बिनमहत्त्वाचं बोलण्याचा परवाना

छंदाभोवती जमलेल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपची नियमावली काढून बघा. ‘विषय सोडून पोस्ट टाकू नये’ हा नियम पहिल्या तीन-चारांत असतोच. गच्चीवरच्या बागेचा ग्रुप असेल तर फक्त रोपं, माती आणि खत. पक्षिनिरीक्षकांचा असेल तर फक्त पक्षी. नियम सगळ्यांना मान्य असतो आणि पाळत कुणीच नाही. मिरचीवरच्या बोकड्याची चर्चा रंगात आलेली असताना कुणीतरी लिहितं की सोसायटीची मोटर जळाली, टँकर रात्री साडेअकराला आला आणि त्याची नळी नेमकी आमच्याच टाकीपर्यंत पुरली नाही. लगेच वीसएक उत्तरं येतात. ॲडमिन नियम पुन्हा चिकटवतात, दोन दिवस शिस्तीत जातात, आणि तिसऱ्या दिवशी आणखी कुणाचे तरी बोटांचे ठसे आधारच्या यंत्रावर उमटेनासे होतात.

अवांतर म्हणजे तण, ते वेळच्या वेळी उपटलं नाही तर मूळ पीक मरतं, असं याबद्दलचं सर्वमान्य मत आहे. मत सभ्य आहे, शिस्तीचं आहे आणि उथळ आहे. माझं म्हणणं असं की, रोजच्या जगण्यातल्या फजित्या आणि विचित्र प्रसंग छंदाच्या मंडळींना सांगितले जातात ते छंदामुळेच. अपयशाबद्दल न लाजता आणि न रडता बोलायची एक रीत छंद माणसाला शिकवतो. ती रीत घरात, कचेरीत किंवा नातेवाइकांत सहसा सापडत नाही. म्हणून ज्या लहान अडचणींना दुसरीकडे कुठेच जागा नसते, त्या इथे येऊन टेकतात. ही जागा बंद केली तर अवांतर जाईल हे खरं, पण त्याच्यामागून छंदातलं ज्ञानही आटू लागेल.

लहान संकटांना कुणी वाली नसतो

मोठ्या दुःखाची सोय प्रत्येक समाजाने करून ठेवलेली असते. आपल्याकडे माणूस गेलं तर सुतक आहे, दहावा-तेरावा आहे, भेटायला येणाऱ्यांनी काय बोलायचं हेसुद्धा ठरलेलं आहे. अपघाताला विमा आहे, फसवणुकीला पोलीस ठाणं आहे. पण शिंप्याने ब्लाउजचं चांगलं कापड बिघडवलं, पार्सल भलत्याच विंगमध्ये दिलं गेलं, पाहुणे दारात असताना गिझरने प्राण सोडला, तर या गोष्टी घेऊन माणसाने जायचं कुठे?

घरी सांगावं तर घरचे त्या प्रकरणातले पक्षकार असतात. गिझर बिघडला हे वाक्य घरात बातमी म्हणून राहत नाही. दोन मिनिटांत त्याची चौकशी समिती होते आणि ‘मी दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं’ हे निकालपत्र वाचलं जातं. कचेरीत सांगितलं तर हा माणूस घरच्या कटकटींत अडकलाय अशी नोंद होते. नातेवाइकांना सांगितलेली गोष्ट तिथे थांबत नाही. ती चुलत्याकडून मावसभावाकडे पोचते आणि पुढच्या लग्नात वाढीव स्वरूपात परत मिळते. उरतो तो फेसबुकचा खुला चौक. तिथे चारशे जणांसमोर सांगायचं म्हणजे प्रसंग विनोदी तरी करावा लागतो किंवा करुण तरी. नुसतं ‘आज असं झालं’ म्हणायची सोय तिथे नाही.

दिवसाचा बराचसा भाग खरं तर याच लहान गोष्टींनी भरलेला असतो. मोठी संकटं आयुष्यात मोजकी येतात. नळ, कुरिअर, ओटीपी आणि शिंपी रोज येतात. त्यामुळे त्यांचं बोलणं कुठे होतं हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

छंद म्हणजे अपयशाची सवय

नोकरीत अपयश लपवावं लागतं, कारण त्याच्यावर पगारवाढ अवलंबून असते. छंदात ते लपवून काहीच मिळत नाही. किंबहुना छंदाचं बहुतेक ज्ञान फसलेल्या प्रयोगांतूनच तयार होतं. गच्चीवर दुधी लावणाऱ्याचं पहिलं वर्ष साधारण असं जातं: वेल मांडवभर पसरतो, फुलं येतात, अंगठ्याएवढे दुधी धरतात, पिवळे पडतात आणि गळून जातात. तो खत बदलतो, पाणी वाढवतो, फवारणी करतो. मग कुणीतरी विचारतं, परागीभवन हाताने केलंत का? केलं, रोज सकाळी ब्रश घेऊन केलं. तिथे उलगडा होतो. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. सकाळी ब्रश घेऊन गेलेल्याला उशीर झालेला असतो. काकडीचं आणि कारल्याचं फूल सकाळचं, म्हणून तिथे जमलं आणि इथे फसलं. ही माहिती त्याच्यापर्यंत पोचली ती त्याने आपले गळालेले दुधी चारचौघांत दाखवले म्हणून.

या संवादात कुठले प्रश्न विचारले जातात ते पाहण्यासारखं आहे. रोप किती दिवसांचं? ऊन किती तास? कुंडीला खाली भोकं आहेत का? निंबोळी पेंड कधी घातली होती? सगळे प्रश्न परिस्थितीबद्दल आहेत, माणसाच्या लायकीबद्दल एकही नाही. पिठ्या ढेकूण पडला म्हणून कुणी कुणाच्या संस्कारांबद्दल बोलत नाही. अपयश ही इथे नोंद असते आणि नोंद जितकी तपशीलवार तितकी तिची किंमत जास्त.

आकाशनिरीक्षकांनी तर या बाबतीत आपला एक नायकच निवडून ठेवला आहे. गियोम ल जांती हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ 1760 मध्ये शुक्राचं अधिक्रमण बघण्यासाठी पुदुच्चेरीकडे निघाला. तो पोचण्याआधीच ते शहर इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं, त्यामुळे 6 जून 1761 ला तो हलत्या जहाजावर होता आणि त्याच्या निरीक्षणाचा उपयोग झाला नाही. पुढचं अधिक्रमण आठ वर्षांनी होतं, म्हणून तो पूर्वेकडेच थांबला. 1769 च्या जूनमध्ये पुदुच्चेरीला त्या नेमक्या सकाळी ढग आले. 1771 मध्ये मायदेशी पोचला तेव्हा तो मेला असं समजून वारसांनी मालमत्तेची वाटणी सुरू केली होती आणि अकादमीतली त्याची जागा दुसऱ्याला दिली होती. हा माणूस पेशाने शास्त्रज्ञ, हौशी नव्हे. पण हौशी मंडळींनी त्याला आपला मानलं. 22 जुलै 2009 च्या खग्रास सूर्यग्रहणाला बिहारमधल्या तारेगनात हजारोंची गर्दी जमली आणि ढगांनी सूर्य झाकला, तेव्हा त्या निराशेला एक जुनी वंशावळ तयार होती. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या घरगुती फजितीसकट त्याचं अपयश जपून ठेवणारा समाज, एखाद्याचा गिझर बिघडला तर त्याला ‘विषय सोडू नका’ म्हणेल हे मुळात विसंगत आहे.

एकदा ही प्रश्न विचारायची रीत अंगवळणी पडली की ती कुंडीपुरती राहत नाही. मोटर जळाल्याचं सांगणाऱ्याला तिथे विचारलं जातं, व्होल्टेज किती होतं, कॅपॅसिटर बघितलात का, विहिरीचं पाणी खाली गेलंय का? घरच्यांचं ऐकून का घेतलं नाहीस, असं कुणी विचारत नाही. आणि त्याला दिलासा मिळतो तो या न विचारलेल्या प्रश्नामुळे. सल्ला बरोबर निघाला तर तो वरचा नफा.

फोर्ब्स स्ट्रीटवरचं वाइनचं दुकान

हे सगळं मोबाइलने आणलेलं खूळ आहे असं मानणाऱ्यांनी मुंबईतल्या एका संस्थेचा इतिहास पाहावा. सप्टेंबर 1883 मध्ये आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात होत. जानेवारी 1884 मध्ये फिप्सन नावाच्या सदस्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या वाइनच्या दुकानातली जागा संस्थेला दिली. पेशाने डॉक्टर, व्यापारी, सरकारी नोकर असलेली ही माणसं फावल्या वेळात साप, फुलपाखरं आणि पक्षी घेऊन एकत्र बसत.

संस्थापकांपैकी ई. एच. एटकिन हे मीठ-जकात खात्यातले अधिकारी. 1883 मध्येच त्यांचं ‘द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक आलं. त्यात वाघ-सिंह नाहीत. बंगल्यात शिरणारे उंदीर, डास, बेडूक, कावळे आणि मुंग्या यांच्याशी रोज होणाऱ्या झटापटीचं ते वर्णन आहे. एका माणसाच्या घरगुती कटकटी आणि निसर्गाचं बारीक निरीक्षण यांच्यात रेषा ओढायची ठरवली तर या पुस्तकाचं एकही पान शिल्लक राहणार नाही. संस्थेचं जर्नल 1886 मध्ये सुरू झालं तेव्हा संपादकांत हेच एटकिन होते. पुढे या जर्नलमधलं किरकोळ टिपणांचं सदर त्याच्या वाचकांचं आवडतं झालं. मोठा शोधनिबंध होणार नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही, अशा एकेका विचित्र घटनेला तिथे जागा मिळत गेली.

आणि विल्यमला कसं विसरता येईल? कारवारहून आलेला हा धनेश 1894 पासून 1920 पर्यंत संस्थेच्या जागेत राहिला आणि शेवटी तार गिळल्याने मेला. शास्त्राच्या दृष्टीने पाळलेल्या एका पक्ष्याच्या खोड्या म्हणजे शुद्ध अवांतर. पण आज संस्थेचं बोधचिन्ह धनेश आहे आणि मुंबईत लायन गेटसमोरच्या तिच्या इमारतीचं नाव हॉर्नबिल हाउस. संस्थेने आपली ओळख म्हणून जर्नलमधला एखादा भारदस्त शोध निवडला नाही, कचेरीतला सगळ्यांच्या गप्पांचा विषय निवडला. मला हा निवाडा अचूक वाटतो.

कायद्याने मानलेला बिनमहत्त्वाचा मजकूर

आणखी एक पुरावा अनपेक्षित ठिकाणी आहे. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहन, हा जगातला बहुधा सर्वांत नियमबद्ध छंद. परीक्षा द्यावी लागते, सरकारचा परवाना लागतो, प्रत्येकाला स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं आणि भारतात त्याची सुरुवात ‘व्हीयू’ने होते. वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांनी आपसात काय बोलावं हे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत कित्येक दशकं स्पष्ट लिहिलेलं होतं. दोनच गोष्टींना मुभा होती: प्रयोगांविषयीचा तांत्रिक मजकूर, आणि इतका बिनमहत्त्वाचा वैयक्तिक मजकूर की ज्यासाठी सार्वजनिक तारसेवा वापरणं समर्थनीय ठरणार नाही. 2003 च्या जिनिव्हा परिषदेत हा मसुदा बदलेपर्यंत तो तसाच होता.

या तरतुदीमागचा हेतू रुक्ष आहे. तार खात्याचं उत्पन्न बुडू नये एवढंच सरकारांना बघायचं होतं; महत्त्वाचा निरोप असेल तर पैसे भरून तार करा. पण त्या नादात कायद्याने एक मोठी गोष्ट मान्य करून टाकली: छंदातल्या माणसांना एकमेकांशी बोलायला दोन विषय असतात, एक तंत्र आणि दुसरा बिनमहत्त्वाचं आयुष्य. तिसरा नाही. आपले ॲडमिन त्यांतला दुसरा खोडायला निघाले आहेत.

इथे एक सोपा युक्तिवाद हाताशी येतो. 26 डिसेंबर 2004 ला भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओ मोहिमेसाठी अंदमानात होते. बाकी दळणवळण कोसळलेलं असताना त्यांच्या केंद्रावरून निरोप जात राहिले. म्हणून, गप्पा चालू ठेवा, कधीतरी उपयोगी पडतील, असं म्हणता येईल. मी तसं म्हणणार नाही. हवेतल्या बहुतेक गप्पा कधीही कुणाचा जीव वाचवत नाहीत, आणि आपत्तीची भीती घालून गप्पांना मान्यता मिळवायची म्हणजे त्यांना स्वतःची किंमत नाही असं कबूल करण्यासारखं आहे.

अर्धवट ओळखीची ताकद

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 च्या एका निबंधात दाखवलं की विरळ ओळखी घट्ट नात्यांपेक्षा काही कामांना अधिक उपयोगी पडतात. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ज्याने ही खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले 16.7 टक्के, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण सरळ आहे: जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं.

हा निबंध इतक्यांदा उद्धृत होतो की त्याची मर्यादा कुणी सांगत नाही. तो माहितीबद्दल आहे. गिझर बिघडलेल्याला नोकरीची खबर नको असते, ऐकणारा हवा असतो. तिथे विरळ ओळखही पुरत नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी असलेली ओळख विरळच, पण त्याला आपण ठशांची कहाणी सांगत बसत नाही. छंदातल्या सोबत्याची ओळख एका बाजूने खोल आणि बाकी बाजूंनी बंद असते. त्याला तुमच्या कुंडीतलं कोकोपीटचं प्रमाण माहीत असतं, पगार माहीत नसतो. तुमचा संयम किती, तुम्ही किती लवकर हात टेकता, चुकीची जात लावली हे मान्य करता की रोपवाटिकेवर ढकलता, हे त्याने बघितलेलं असतं. म्हणजे स्वभावाची ओळख आहे आणि हितसंबंध नाहीत. नात्यात ओळख असते, पण हितसंबंधही असतात. परक्याकडे दोन्ही नसतात.

आक्षेप

पहिला आक्षेप गर्दीचा. पाचशे जणांच्या ग्रुपवर प्रत्येकाने आपली मोटर जळाल्याचं सांगितलं तर मावा पडलेल्याचा प्रश्न वाहून जाईल. हे खरं आहे. त्यावर नेहमीचा तोडगा म्हणजे गप्पांचा वेगळा ग्रुप. तो बहुधा ओस पडतो, आणि पडणारच; कारण तिथे जायला निमित्त उरत नाही. माणूस मिरचीसाठी येतो आणि जाता जाता मोटरबद्दल सांगतो. फक्त मोटरबद्दल सांगायला ये म्हटलं की त्याला संकोच वाटतो. गर्दीवरचा इलाज ग्रुप लहान करणं हा आहे.

दुसरा आक्षेप असा की हा पळपुटेपणा आहे. शेजाऱ्याशी बोलायचं सोडून माणसं पडद्यावरच्या अनोळखी लोकांना जीवनकथा सांगतात. शेजाऱ्याशी जरूर बोलावं. पण टाकी कुणाची आधी भरली यावरून ज्याच्याशी वाद झाला तोच शेजारी त्या वादाचा श्रोता कसा होणार?

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. छंदाला वेळ, जागा आणि थोडा पैसा लागतो. गच्ची असलेल्यांची गच्चीवरची बाग. ज्या बाईला सकाळी चार घरची धुणीभांडी आणि संध्याकाळी स्वतःच्या घरची करायची आहेत, तिच्या लहान संकटांची संख्या जास्त आणि ती सांगायला ग्रुप नाही. नळावर, लोकलच्या महिला डब्यात, भिशीत तिचं बोलणं होत असेल. पण ती माणसं त्याच अडचणींत गुरफटलेली असतात, बाहेरून बघणारी नसतात. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. छंदाची वर्तुळं ही सोय थोड्यांना देतात आणि ज्यांना अधिक गरज आहे त्यांना देत नाहीत, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. मात्र थोड्यांना मिळते म्हणून ती बंद करावी असं यातून निघत नाही.

चौथा आक्षेप धोक्याचा. कोणी औषध सुचवतं, कोणी गुंतवणूक. खरोखर मोठं दुःख कुणी लिहिलं तर पन्नास जोडलेले हात येतात आणि लिहिणारा अधिकच एकटा पडतो. इथे मर्यादा आखायला हवी. आजारपण, पैसा आणि मरण यांचा भार हे वर्तुळ पेलू शकत नाही. त्याला तेवढी ताकद नाही आणि ती असल्याचा आव आणू नये. त्या गोष्टींसाठी जवळची माणसं आहेत, डॉक्टर आहेत, वकील आहेत. छंदाच्या मंडळींचा अधिकार चालतो तो गिझरपर्यंतच.

रेषा चुकीच्या ठिकाणी ओढली आहे

ॲडमिन मंडळींचा त्रास खोटा नाही. त्यांनी कारण चुकीचं धरलं आहे. ग्रुप बुडतात ते सुप्रभातच्या गुलाबांमुळे, अमुक पानाने मधुमेह पळतो अशा मजकुरामुळे, निवडणुकीच्या चित्रफितींमुळे आणि जातीधर्माच्या ढकलपत्रांमुळे. या सगळ्यांत समान काय आहे? पाठवणाऱ्याचं त्यात काहीच नसतं. त्याला व्होल्टेज किती होतं असं विचारता येत नाही, कारण तो तिथे नव्हता. छंदाची सगळी रीत उलटतपासणीवर उभी आहे, आणि ढकललेल्या मजकुराची उलटतपासणी होऊ शकत नाही.

‘आयुर्वेदिक फवारणीने कीड एका रात्रीत गायब’ हा ढकललेला मजकूर विषयाला धरून आहे, म्हणून आजच्या नियमात बसतो. ‘काल माझं पार्सल बी विंगमधल्या आजोबांनी उघडलं आणि आतली गांडुळं पाहून ते वॉचमनला बोलवायला धावले’ हे विषयाच्या कडेवर आहे, म्हणून त्यावर ताकीद मिळते. पहिल्याने ग्रुपचं नुकसान होतं. दुसऱ्याने एक माणूस कळतो, कुरिअरने गांडूळखत मागवताना काय होऊ शकतं तेही कळतं, आणि उद्या त्याची गांडुळं मेली तर तो ते सांगायला बिचकत नाही. ज्या ग्रुपवर पार्सलची फजिती सांगायची चोरी असते तिथे हळूहळू फक्त यशाचे फोटो येतात: लालबुंद टोमॅटो, तजेलदार जास्वंद, खाली अंगठे. गळालेले दुधी कुणी दाखवत नाही, आणि मग फूल संध्याकाळी उमलतं हेही कुणी कुणाला सांगत नाही.

म्हणून ॲडमिन मंडळींना विनंती आहे. नियमावलीतली ‘विषय सोडून लिहू नये’ ही ओळ काढा आणि तिच्या जागी ‘स्वतः न अनुभवलेलं टाकू नये’ अशी ओळ घाला. सभासद दीडशेच्या पुढे गेले की दुसरा ग्रुप काढा. औषधं आणि पैसे यांवर सक्त बंदी ठेवा. एवढा बदल करायला कुठल्याही ॲडमिनला कुणाची परवानगी लागत नाही.